पट्टा हलत नाहीये

नाही मावशी, बाळाच्या सवयी नंतर सांगते, आधी माझं काम सांगते, म्हणजे त्याला सांभाळायच्या वेळा तुम्हाला कळतील – मी हवामान खात्यात अंदाज लिहिते. टीव्हीवर वाचते ती वेगळी, केस नीट असलेली. लिहिते मी, दुधाचे डाग पडलेल्या कुर्त्यात, याच टेबलाशी. सध्या घरून जमतं, कारण वर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसलाय – म्हणजे हवेचं मोठं झाकणच समजा, ना ढग, ना वारा, ना थेंब, आणि पाहुणा काही जायचं नाव घेत नाही. साहेब म्हणाले, तो आहे तोवर घरून लिही, हलला की मुकाट्याने ऑफिसात ये. मग काय, रोज तेच – आकाश निरभ्र, फारसा बदल नाही. झोपेतही लिहीन मी. झोप मिळाली तर.

या बाळाचं मात्र उलट. हसतोय म्हणून दूध गरम करायला वळावं, तर पाठीमागे ढगफुटी. अख्ख्या प्रदेशाचं आठवड्याचं सांगते मी, याचं पाच मिनिटांचं येत नाही. खालच्या मजल्यावर सासूबाई आहेत ना, ज्यांनी तुम्हाला धाडलं, त्या म्हणतात, पोर वाचायचं नसतं, उचलायचं असतं. बाळ सांभाळायच्या पुस्तकात तसं नाहीये, पण – अगं बाई, तुमच्या मांडीवर गप्प झाला? काय केलंत? काहीच नाही? बरं.

यायचं कधीपासून म्हणता? तुमच्या आधी दोघी येऊन गेल्या, त्यांनीही हेच विचारलं. एकीला म्हटलं, तुमचे हात गार आहेत. दुसरीला म्हटलं, तुम्ही फार हसता. पट्टा आहे तोवर घाई कसली? कालही तसंच लिहिलं, आठवडाभर बदल नाही. आता तुम्हाला म्हणून सांगते – पट्ट्याची पश्चिमेची कड कालच खचलेली दिसली होती मला. न दिसायला मी काय आंधळी? म्हटलं, किरकोळ असेल, सावरेल. कुठलं सावरतंय, सकाळपासून दाब उतरतोच आहे. पण मला तो टिकायलाच हवा होता हो, हे पोर बसायला लागेपर्यंत – मग म्हटलं असतं, रांगेपर्यंत.

हसू नका. खिडकीतून बघा, समोरच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला उतरवलंय. मुख्याध्यापकांनी आधी खात्याला विचारलं होतं, उघडू का म्हणून. त्यांना अंदाज वाचून दाखवला. माझाच. आत बाकं, पुस्तकं, सगळं उघड्यावर, आणि इथे मी बाळाची बोटं मोजतेय.

थांबा, फोन करते. – साहेब, कालचा अंदाज चुकला. नाही, नकाशा बरोबर होता, मीच चुकवला. संध्याकाळपासून वादळी सरी. आधी शाळेला कळवा, ताडपत्री घाला म्हणावं. येते. हो, आत्ताच येते.

मावशी, दूध काढून ठेवलंय, फ्रिजमध्ये. सासूबाईंना हाक मारली की येतील. तो रडला तर आधी कूस – नाही, तुम्हाला कळेल. एकदा द्या जरा त्याला माझ्याकडे. नको, नको, झोपलाय. हलू नका. काही बोलूही नका, मी चपला हातात घेऊनच उतरते.