पडद्याचा रॉड

आमच्या घरच्या शूरवीरांचा किस्सा सांगतो, पण हसू नका यार, मला अजून लाज वाटते.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते, म्हणजे बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपला हळदकुंकू. मी कॉलेज सोडून इथेच अमेरिकेत, आमच्या अल्फारेटा गावाबाहेर, बंदुका बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागलोय, हे बाबा कुणाला सांगत नाहीत. "रिसर्चमध्ये आहे," म्हणतात. यंदा आईच म्हणाली, "तुझंही हत्यार आण रे, पूजेला ठेवू."

मी एका वेळी एकच गोळी झाडणारी रायफल बनवतोय, तीही अशा जुन्या काडतुसासाठी, जे आता दुकानात मिळतसुद्धा नाही. तिची अष्टकोनी नळी नुकतीच तयार झाली होती. तीच नेऊन लॅपटॉपशेजारी ठेवली. बाबांनी एकदा हातात घेऊन बघावी, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात बाबांचे मित्र देशमुखकाका आले. "अरे वा, हे काय?"

"पडद्याचा रॉड," बाबा म्हणाले. देवासमोर, हातात घंटा घेऊन!

माझं डोकंच सणकलं. आज सगळं सांगूनच टाकतो, म्हणून मी तोंड उघडलं.

काकांनी नळी उचलून तोलून पाहिली. "मजबूत आहे हो! आमच्या हॉललाही असाच हवाय. कुठे मिळाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मला उठसूट अक्कल शिकवणारा माणूस, नजरेने अक्षरशः हात जोडत होता.

"मीच बनवतो, काका," मी म्हणालो. "खिडकीचं माप पाठवा."