तोंडातले शब्द कोणाचे?

“इंदू, कीर्तनाला देवापुढे उभी राहशील तेव्हा आवाज चढवू नकोस. पण प्रश्न विचारायला कचरूही नकोस.” असं माझे गुरुजी सांगत. म्हणून हळूच विचारते. मंडळी, कायद्याला हात वर होतो आमदाराचा. पण त्यातले शब्द कोणाचे असतात?

ऐका. वत्सलाताई निंबोरे नावाच्या एक आमदार. चातुर्मासात त्यांनी परान्न सोडलेलं. म्हणजे दुसऱ्याच्या घरचा घास घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. राजधानीत अधिवेशनाला गेल्या, तरी भाकरी आपल्या हातची! सभागृहात विधेयक आलं होतं पाण्याचं: गावच्या विहिरीपेक्षा खोल बोअर कारखान्यानं घ्यायची नाही. पालसगावच्या विहिरी आटलेल्या. तिथल्या बायकांचा सगळा भरवसा ताईंवर.

आणि आले हर्डीकर. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांचे सल्लागार. पूर्वी अशा माणसाला मध्यस्थ म्हणत, आता कार्ड छापतात. म्हणाले, “ताई, जेवायला चला.”

“माझं परान्न बंद आहे.”

“मग व्रत कशाला मोडू? भाषण तेवढं टाईप करून आणलंय. तुम्हाला कुठे वेळ?”

ताईंनी घास नाकारला – आणि कागद घेतला. वर आभार मानले! काय चुकलं, सांगा बरं? पोटात गेलं नाही ना काही?

दुसऱ्या दिवशी ताई उभ्या राहिल्या, वाचू लागल्या. “उद्योगांना खोलीच्या अटीतून वगळणे हे व्यापक लोकहिताचे...” तोच समोरच्या बाकावरून विरोधी पक्षाचे दाभाडे उठले. मिश्कील माणूस. “अध्यक्ष महाराज, ताईंना दम लागला असेल तर पुढचं मी वाचतो. माझ्याकडेही हाच कागद आहे.” आणि वाचलं की! शब्दाला शब्द. सगळं सभागृह हसलं. भांडणारे दोन पक्ष, आणि स्वयंपाकी एकच.

ताई हसल्या नाहीत. कागद खाली ठेवला.

“अध्यक्ष महाराज, मी परान्न सोडलं ते फक्त पोटापुरतं. माझ्या तोंडात काल हर्डीकरांनी भरवलं, ते मी गिळलं. हे शब्द नोंदीतून काढू नका. पुढे त्यांचं नाव लिहा. आणि नियम करा, सदस्याला कागद देणाऱ्याचं नाव आधी इथे वाचायचं.”

“ताई, तशी तरतूद नाही. बसा.”

“मग करा. तोवर मी उभी आहे.”

त्यांच्याच पक्षाच्या गटनेत्यांनी मागून पदर ओढावा तसं हळूच म्हटलं, “वत्सलाताई, पुढच्या वेळी तिकीट हवंय ना?”

“पाणी हवंय,” त्या म्हणाल्या. “पालसगावच्या बायकांना हे विधेयक मी ओळ न् ओळ वाचून दाखवीन. त्याआधी माझा हात वर होणार नाही.”

मतदान पुढे ढकललं गेलं. नियम? तो अजून झालेला नाही, मंडळी. खोटं कशाला सांगू?

आणि तुम्ही हसलात ना दाभाड्यांच्या बोलण्याला? मग ग्रामसभेत ठराव कोण लिहून आणतो, कधी विचारलंत? देवळाच्या जागेचा ठराव आला, तेव्हा कोणी वाचला होता? आपण हात वर केले, प्रसाद घेतला, घरी आलो. उपास एकादशीचा धरता, तसा एक न वाचलेल्या कागदाचाही धरा. देवाला तो जास्त आवडेल.

त्या दुपारी हर्डीकरांचा फोन वाजत राहिला. ताईंनी तो उचलला नाही. विधेयकाची प्रत पिशवीत घातली, चष्मा घेतला, आणि कोणाला न सांगता पालसगावच्या एस.टी.त जाऊन बसल्या.