फॅमिली रूममधला फालुदा

त्या आइस्क्रीमवाल्याचा मला अजून राग येतो बघा. बारामतीत त्याचं नवं दुकान निघालं होतं. आमच्याच म्हशींचं दूध रोज आमचे हे त्याला घालायचे, पण आम्हा बायकांना तो ओळखत नव्हता.

सासूबाईंना एकदा फालुदा खायचा होता, म्हणून मी त्यांना वडगावहून एसटीने घेऊन गेले. फॅमिली रूममध्ये बसतोय तोच तो म्हणाला, "उठा. संगं पुरुषमाणूस न्हाय, तर हितं बसता येणार न्हाय."

सासूबाई पदर सावरत उठल्या. "चल गं, मला काय एवढी हौस न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी दूध जाऊच दिलं नाही. दुपारी तो स्कूटरवरून दारात हजर. "वहिनी, आज दूध का न्हाय?"

ओसरीवरून सासूबाई कडाडल्या, "म्हशींसंगं रेडा न्हवता!"