कपाटात नसलेला राऊटर

मी, वय ५४ वर्षे, धंदा घरांचे नकाशे काढणे, राहणार ऑफिसच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, ऑफिसात सगळ्यांची वहिनी, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

तळमजल्यावरचे नकाशांचे ऑफिस माझ्या धाकट्या दिरांचे आहे. मी तिथे सोळा वर्षे काम करते. आम्ही एकूण पाच जण आहोत. दीर मनाने चांगले आहेत, पण एकदा नाही म्हणाले की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाईल चार्ज करायला राऊटरचा प्लग काढला आणि आमचे अर्धा दिवस काम बंद पडले. त्याच दिवशी दिरांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडून घेतले, वायरी आत घेतल्या, राऊटर खालच्या खणात ठेवला आणि कुलूप लावले. एक किल्ली त्यांच्या खिशात, एक माझ्याकडे. तेव्हापासून एक नकाशा गिऱ्हाइकाला पाठवायला चाळीस मिनिटे लागू लागली. मी मधल्या वेळात वर जाऊन भाजी चिरून येत असे.

नेटवर्कचे काम करणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही वायरवाले म्हणतो, वय अंदाजे पन्नास, यांनी दिरांना सांगितले, "साहेब, लोखंडी कपाटात राऊटर म्हणजे तोंडावर उशी दाबून हाका मारण्यासारखं आहे. बाहेर काढा." दीर म्हणाले, "तुम्ही वायरी बघा, कपाट माझं मी बघतो." आणि त्यांना दार दाखवले. हे सगळ्यांसमोर झाले. मला वाईट वाटले.

दिनांक ३ रोजी, शनिवारी दुपारी २ वाजता दीर एक जागा पाहायला बाहेर गेले. बाकीचे तिघे शनिवारचा अर्धा दिवस भरून आधीच घरी गेले होते. मी वायरवाल्यांना फोन करून बोलावले. कपाट मी माझ्या किल्लीने उघडले. राऊटर त्यांनी ऑफिसच्या मधोमध, छताजवळ भिंतीवर बसवला. शेजारच्या दवाखान्याचा वायफाय आमच्याच चॅनलवर होता आणि एका वाटेवर दोघांची गर्दी होत होती, म्हणून आमचा चॅनल बदलला. नकाशांचे दोन मोठे कॉम्प्युटर वायरने जोडले, म्हणजे जड फाइलींचा भार वायफायवर पडायला नको. ४ वाजून १० मिनिटांनी मी एक नकाशा पाठवला. मी चष्मा पुसेपर्यंत तो पोहोचला. रिकामे कपाट मी पुन्हा कुलूप लावून बंद केले.

मी दिरांना सांगणार होते. पण सोमवारी तेच सगळ्यांना म्हणाले, "बघा, नेट कसं धावतंय! कुलपात ठेवल्याचा हा फायदा." ते इतके खूश होते की माझा धीर होईना. भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "धूर झाला की वाजणारं का हे?" मी "हं" म्हटले. ते माझे चुकले. नऊ दिवस मी मनातल्या मनात हसत होते, हेही खरे आहे.

आज दिनांक १४ रोजी सकाळी मी एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. त्या वेळी दिरांनी जुना शिक्का काढायला कपाट उघडले. राऊटर दिसला नाही. १०.३५ वाजता त्यांनी पोलिसांच्या वेबसाइटवर चोरीची तक्रार केली, रिकाम्या खणाचे सहा फोटो जोडले आणि संशय वायरवाल्यांवर घेतला. मी १२ वाजता परत आले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, राऊटर चोरीला गेला! पण मी सोडतो की काय? सहा फोटोंसकट तक्रार एका मिनिटात गेली."

मी विचारले, "भाऊजी, गेली कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वायफायवरून."

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिले, नंतर माझ्याकडे. मी बोटाने वर दाखवले.

वायरवाल्यांना तोपर्यंत ठाण्यात बोलावले होते. उद्या सकाळी इथल्या शाळेच्या तिन्ही मजल्यांचे नेटवर्क कुणाला द्यायचे ते ठरणार आहे. चार महिने ते या कामाच्या मागे आहेत. चोरीचा संशय असलेल्या माणसाला शाळेत कोण पाऊल ठेवू देईल? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. म्हणून मी दिरांना घेऊन तडक आले. राऊटर माझ्या सांगण्यावरून हलवला. वायरवाल्यांनी ऑफिसातून एक खिळाही नेला नाही, उलट स्वतःचे चार ठोकून गेले.

ते बाकावर बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मला रडू आले. दिरांनी हवालदारांकडून कोरा कागद मागितला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली. मुख्याध्यापकांच्या घराचा नकाशा आम्हीच काढला आहे. चिठ्ठीत लिहिले, "यांनी माझ्या ऑफिसचे नेटवर्क सुधारले. मी यांना हाकलले होते, तरी काम चोख केले." यातले दुसरे वाक्य लिहा असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. सांगितले तसेच उतरले आहे, एक शब्द कमीजास्त नाही. सही करते. तक्रार मागे घेतल्याची सही दिरांनी माझ्या आधीच केली आहे.