मुलुंडच्या मोकळ्या प्लॉटवर भिजलेले बियाणे

दिनांक २८ मे १९८६. वेळ दुपारी २ वाजून १० मिनिटे.

नाव : धाकू लवू गवस. वय : ५४ वर्षे. धंदा : सोसायटीत माळी व पंपचालक, दिनांक २१ पासून कामावर नाही. राहणार : पूर्वी मैत्रप्रभा सोसायटीची पंपाची खोली, मिठागर रोड, मुलुंड (पूर्व). सध्या त्याच सोसायटीमागील चाळ, खोली क्रमांक ९ ची पडवी. मूळ गाव सावंतवाडी तालुक्यात.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी १९८२ सालापर्यंत लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात मागावर कामाला होतो. संपानंतर ते काम गेले. जानेवारी १९८३ पासून मी मैत्रप्रभा सोसायटीत माळीकाम करतो आणि सकाळ-संध्याकाळ पंप चालवतो. सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंड दिघे यांनीच मला कामावर ठेवले. माझी पत्नी आजारी असताना त्यांनी दोन वेळा स्वतः रिक्षा बोलावून दिली होती. माझे त्यांच्याशी पूर्वीचे काही भांडण नाही.

सोसायटीच्या मागच्या अंगाला अंदाजे चाळीस फूट बाय साठ फूट मोकळा प्लॉट आहे. नकाशात तो बागेसाठी दाखवला आहे, असे मला सोसायटीतील रहिवासी क्षमा करंदीकर यांनी सांगितले. नकाशा मी पाहिलेला नाही. मी आलो तेव्हा तिथे फुटक्या फरश्या आणि झुडपे होती. मिठागरे जवळ असल्याने माती खारट होती. मागच्या चाळीतील बायकांनी तीन वर्षे राख, शेण आणि पालापाचोळा आणून टाकला, मी खणून ते मातीत घातले. आता तिथे भाजी होते. भाजी चाळीत जाते आणि सोसायटीतही जाते. दिघे साहेबांच्या घरीही जात असे. मी स्वतः नेऊन देत होतो.

विचारल्यावरून सांगतो की, दर वर्षी वैशाखातल्या एका रविवारी सदर प्लॉटवर बियाणे अदलाबदलीसाठी बायका जमतात. हे चाळीतील जानकी घाडी, वय ६८, यांनी चालू केले. त्या आमच्याच बाजूच्या, सावंतवाडीकडच्या. गावाहून येताना त्या बियाणे घेऊन आल्या होत्या. पहिल्या वर्षी सहा बायका होत्या. मग भांडुप, कांजूर, ठाणे इकडूनही येऊ लागल्या. कोणी गावचे बियाणे आणते, कोणी कुंडीत धरलेले. प्रत्येकीने आणायचे आणि लागेल ते न्यायचे. विक्री होत नाही. नेलेले पुढच्या वर्षी आपल्या वेलाचे करून परत आणायचे, एवढाच नियम आहे. जानकीबाईंना लिहिता येत नाही, पण कोणी काय नेले हे त्यांच्या ध्यानात असते. परत आणले नाही तर त्या सगळ्यांसमोर विचारतात.

दिनांक ११ मे, रविवार रोजी सकाळी नऊ वाजता बायका जमू लागल्या. सव्वादहापर्यंत तीस-पस्तीस बायका व तीन-चार पुरुष होते. जमिनीवर गोणपाट टाकून त्यावर सुपे, ताटे आणि कागद मांडले होते. लाल चवळी, वाल, पडवळ, दोडका, तवसे म्हणजे मोठी काकडी, भोपळा, तांबडी भेंडी, माठ एवढे मी पाहिले. आणखीही होते. आरडाओरडा नव्हता. कोणाच्या हातात काठी किंवा हत्यार नव्हते. एकीच्या हातात विळी होती. ती भोपळा कापून त्याचे बी काढून दाखवत होती.

सव्वादहाच्या सुमारास मार्तंड दिघे हे मंडपवाल्याची दोन माणसे घेऊन आले. प्लॉट लग्नकार्यासाठी भाड्याने द्यावा असे सोसायटीत चालले होते. ती माणसे माप घ्यायला आली होती. त्या दिवशी बायका जमणार हे मी साहेबांना आधी सांगितले नव्हते. मागच्या वर्षीही सांगितले नव्हते आणि ते काही बोलले नव्हते. ही माझी चूक झाली.

दिघे साहेब म्हणाले, “हा काय बाजार मांडलाय? उचला सगळं. पाच मिनिटांत जागा मोकळी पाहिजे.”

जानकीबाई म्हणाल्या, “दुपारपर्यंत आटपता आमचा. मगे माप घेवा.”

त्यावर साहेबांनी दोन माणसांना खूण केली. त्यांनी गोणपाटाची टोके धरून उपडी केली. तीन सुपे आणि सात-आठ ताटे सांडली. सगळे बियाणे एकमेकांत मिसळले. बायका बी गोळा करायला खाली बसल्या. जागेवरून कोणी हलली नाही.

साहेब मला म्हणाले, “गवस, पंप चालू कर. पाइप आण आणि धुवून काढ सगळं.”

मी म्हणालो, “साहेब, बियाणं आहे.”

ते म्हणाले, “कचरा आहे. तू नोकरी कोणाची करतोस? चल, पंप चालू कर.”

मी पंप चालू केला. पाइप दीड इंची आहे. तो मीच धरला. दुसऱ्या कोणी धरला नाही. बायकांच्या अंगावर न मारता मी जमिनीवर पाणी मारत होतो, पण बायका जमिनीवरच बसल्या होत्या. किती वेळ मारले असे विचारल्यावरून सांगतो की, सहा-सात मिनिटे असावीत. मला घड्याळ पाहण्याचे भान नव्हते.

त्या बियाण्यात माझ्या घरातलीही एक पुडी होती. ती भोपळ्याची होती. पुडीवर पेन्सिलने मालन असे लिहिले होते. मालन माझी पत्नी. ती मागच्या श्रावणात वारली. पुडीचा कागद मला नंतर गटाराच्या जाळीवर सापडला. त्यात बी नव्हते.

पाणी चालू असताना जानकीबाई एक सूप उचलायला उठल्या. मंडपवाल्याच्या माणसाने सूप त्यांच्या हातातून ओढले. कडेच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. तो माणूस त्यांना ढकलण्यासाठी आला होता असे मी म्हणणार नाही. त्याने सूप ओढले हे मी पाहिले. फरशी माझ्या पाण्याने ओली झाली होती.

पडल्यापडल्या त्या मला म्हणाल्या, “धाकू, पाणी बंद कर रे.”

मी पाणी बंद केले. दिघे साहेब म्हणाले, “कोणी सांगितलं बंद करायला? चालू कर.”

मी म्हणालो, “आता नाही करणार.”

साहेब म्हणाले, “मग खोली खाली कर.”

मी पंपाचे बटण आणि व्हॉल्व्ह यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. साहेबांनी मला हात लावला नाही.

त्याच वेळी क्षमा करंदीकर, वय ४१, राहणार सोसायटीचा दुसरा मजला, बँकेत नोकरी, या जिन्याने खाली आल्या. त्या दिघे साहेबांना म्हणाल्या, “मार्तंडराव, त्या ताटात माझ्या कुंडीतल्या घेवड्याचं बी होतं. मीही बाजारच मांडला होता का?” साहेब म्हणाले, “तुम्ही यात पडू नका. कमिटीत ठरलंय.” करंदीकर बाई म्हणाल्या, “कमिटीत मी पण आहे. माझ्यासमोर काही ठरलेलं नाही.” त्यानंतर दिघे साहेब व ती दोन माणसे निघून गेली.

जानकीबाईंचे मनगट सुजले होते. सर्वजण त्यांना दवाखान्यात चला म्हणत होते. त्यांनी एक मूठ ओले बी डाव्या हातात घेऊन दाबून पाहिले आणि म्हणाल्या, “फुगाक लागला. आता ह्या परत डब्यात जावचा नाय. आजच्या आज पेरूक होया.” मी विचारले, कुठे? त्या म्हणाल्या, “खंय म्हणजे? हंयच.”

याचा खुलासा असा की, भिजून फुगलेले बी पुन्हा वाळवून ठेवले तर बहुतेक मरते. आणि प्रत्येकीने वर्षाचे बी तिथे आणले होते. काहींनी घरी थोडे मागे ठेवले होते, काहींनी काहीच ठेवले नव्हते.

बायकांनी सुपात घेऊन बी निवडले. चवळी, वाल, भोपळा असे मोठे बी वेगळे काढता आले. माठ आणि इतर बारीक बी चिखलासकट गोळा करून तसेच वाफ्यात पसरले. मी खणले. करंदीकर बाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी-तिघींना हाका मारून खाली आणले. त्यांना कामाची सवय नव्हती, पण त्या बसल्या. जानकीबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, कुठले बी किती खोल ते सांगत होत्या. दीड वाजता त्यांच्या सुनेने त्यांना जबरदस्तीने रिक्षात घातले. पालिकेच्या रुग्णालयात प्लास्टर घातले. पेरणी संध्याकाळी साडेपाचला आटोपली.

दुपारभर मी खणत होतो. माझ्याशी कोणी बोलत नव्हते. पाच वाजता एका बाईने मला चहा दिला. तिचे नाव मला माहीत नाही. ती कांजूरहून आली होती.

विचारल्यावरून सांगतो की, दिनांक १२ रोजी दिघे साहेबांनी प्लॉटच्या फाटकाला कुलूप लावले. बायकांनी कुलूप तोडले ही दिघे साहेबांच्या तक्रारीतील गोष्ट खोटी आहे. कुलूप सोसायटीच्या गोदामातले जुने होते आणि त्याची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी दिनांक १२ रोजी संध्याकाळी किल्लीने ते उघडले व बायकांना आत घेतले. त्यानंतर रोज उघडले. कोणाच्या सांगण्यावरून असे विचारल्यावरून सांगतो की, कोणाच्याही नाही. कुलूप शाबूत आहे. ते मी सोबत आणले असून समोर ठेवत आहे.

दिनांक १३ रोजी फक्त प्लॉटला पाणी देणाऱ्या पंपाची वीज तोडण्यात आली. तेव्हापासून बायका चाळीच्या नळावरून हंडे भरून आणतात. नळ सकाळी दीड तास असतो. घरचे पाणी भरून झाल्यावर प्रत्येकीने एक हंडा प्लॉटवर आणायचा असे त्यांनी ठरवले. रोज अठरा ते वीस हंडे होतात. जानकीबाईंना हंडा उचलता येत नाही, म्हणून त्या तांब्याने आणतात.

दिनांक २० रोजी सायंकाळी दिघे साहेबांनी मला ऑफिसात बोलावले व टाइप केलेला कागद पुढे ठेवला. मला मराठी वाचता येते. त्यात असे लिहिले होते की, बायकांनी दंगा केला, मला धक्काबुक्की केली, पाइप त्यांनीच ओढला आणि जानकी घाडी त्या झटापटीत पडली. साहेब म्हणाले, “सही कर, गवस. खोली राहील, काम राहील. मी विसरून जाईन.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला बसायला खुर्ची दिली होती. मी कागद दोन वेळा वाचला आणि म्हणालो, “साहेब, पाइप माझ्या हातात होता.” ते म्हणाले, “तेच तर तुला वाचवतोय मी.” मी कागद परत दिला.

दिनांक २१ रोजी सकाळी खोलीला सील लावले. माझी ट्रंक, स्टोव्ह व अंथरूण बाहेर ठेवले होते. वस्तू मोडतोड न करता काढल्या होत्या. त्या दिवशी जानकीबाईंनी सुनेला सांगून त्यांच्या पडवीतली लाकडे हलवली. मला त्या एवढेच म्हणाल्या, “ट्रंक आत घे. उंदीर खातत.”

माझ्याविरुद्ध कारवाई होऊ शकते याची मला समज देण्यात आली आहे. ती समजूनच मी सांगत आहे. पाणी मी मारले. जानकीबाईंच्या मनगटाचा दोष कोणावर तरी लिहायचा असेल तर दुसऱ्यांच्या नावाबरोबर माझेही नाव लिहावे.

प्लॉटची आजची स्थिती विचारल्यावरून सांगतो की, चवळी चांगली उगवली आहे. वाल निम्मा उगवला. दोडका, तवसे आले. पडवळ एकही आले नाही. ते पडवळ भांडुपच्या एका बाईंनी आणले होते व ते आणखी कोणाकडे आहे याची चौकशी चालू आहे. ठाण्याच्या एकीने दोन वर्षांपूर्वी नेले होते, तिला निरोप धाडला आहे. भोपळ्याचे चार वेल आले आहेत. तीन बायकांनी भोपळ्याचे बी आणले होते आणि एक पुडी माझ्या घरची होती. कुठला वेल कोणाचा हे आज सांगता येत नाही. मी चारही वेलांना सारखेच पाणी घालतो.

नुकसान किती झाले असे विचारले. बियाणे विकत घेतलेले नव्हते, म्हणून ते रुपयांत सांगता येत नाही.

आणखी काही सांगायचे आहे काय असे विचारल्यावरून सांगतो की, पुढच्या वर्षी वैशाखात बियाण्याचा रविवार त्याच प्लॉटवर भरणार आहे. हे मी दिघे साहेबांना या वेळी आधी कळवले आहे. काल त्यांच्या घरी जाऊन तोंडी सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. फाटक बंद असेल तर बायका फाटकाबाहेर बसतील. माझी तक्रार मागे घेण्याचा प्रश्न नाही, कारण मी तक्रार केलेली नाही. जानकीबाईंनी केली आहे आणि त्या मागे घेणार नाहीत. मी त्यांचा साक्षीदार आहे आणि बोलावाल तेव्हा कोर्टात येईन. आज मात्र मला चारच्या आत सोडावे. चवळीला आधाराच्या काठ्या लावायच्या आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तीन ठिकाणी ‘जमाव’ असे लिहिले गेले होते, तेथे माझ्या सांगण्यावरून खोडून ‘बायका’ असे केले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करत आहे.

सही – धाकू लवू गवस