वळणावरची भिंत

मी मूळचा निपाणीकडचा, आजा गवंडी, बाप गवंडी आणि मीही गवंडीच, फक्त घराण्यातली अक्कल तेवढी माझ्यापर्यंत पोचली नाही. बेंगळूरच्या बसवनगुडीत लोकांची घरं बांधता बांधता केस पिकले, मग शहराच्या पार कडेला, रस्त्याच्या वळणावर जागा घेतली. जागेपुढं मातीचा बांध होता, छातीएवढा उंच, बुडाशी आठ फूट रुंद, वर घायपात माजलेली. शेजारच्या अक्काच्या दारातही तसलाच. अक्का इथली जुनी, मराठीच, पण बोलणं निम्मं कन्नड. ती म्हणाली, अण्णा, मातीला हात लावू नको, स्वल्प ऐक, हे वळण चांगलं नाही. मी म्हणालो, अक्का, गवंड्याच्या दारात मातीचा ढीग, म्हणजे आचाऱ्याच्या घरी खानावळीचा डबा. ती ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाली आणि माझी माती पाट्या भरभरून स्वतःच्या बांधावर टाकून घेतली.

मग काय सांगू तुम्हाला, मी भिंत बांधली. सहा फूट उंच, साडेचार इंच जाड, मधे एक खांबसुद्धा नाही, कारण जागा वाचवायची होती ना! वाचलेल्या जागेत भिंतीलाच टेकवून पत्रा टाकला आणि आमच्या बायकोचा, सुशीचा स्वयंपाक तिथं मांडला. माझ्या हाताखाली कुणी असलं काम केलं असतं तर मीच थापी फेकून मारली असती. सुशी म्हणायची, टँकर गेला की भांडी वाजतात हो. मी म्हणायचो, वाजू दे, तेवढंच संगीत. मग चीर पडली, मी गिलावा केला, परत पडली, परत केला. भिंतीचं पोट आत सुटायला लागलं, तर मी त्यावर रंग मारला, देखणी दिसावी म्हणून.

गेल्या आठवड्यात भर दुपारी पाण्याचा टँकर वळणावर चुकला. अक्काच्या बांधावर चढला आणि नाक वर करून, चाकं मातीत रुतून थांबला. ड्रायव्हर उतरला, हातपाय चाचपले आणि अक्काकडंच पाणी मागितलं. बांधाआड तिचे वाळत घातलेले पापड हलले नव्हते. बघ्यांत मी पुढं, हसत. सुशी हसली नाही. ती टँकरपासून आमच्या भिंतीपर्यंत पावलं मोजत आली, बारा भरली. म्हणाली, मी भाकरी थापत होते. उद्यापासून तिथं तुम्ही बसायचं.

बसलो की. हॉर्न वाजला की माझी भाकरी करपायची. चौथ्या दिवशी म्हणालो, पाडतो, बांध घालतो, स्वयंपाकघर गेलं तर जाऊ दे.

आज सकाळी घण घेतला. म्हटलं, माझ्या हातचं काम, संध्याकाळपर्यंत दमवणार. पहिल्याच घावात वरचे चार थर पत्र्यासकट शेगडीवर आले. सुशी अंगणात उभी होती, नुसती शेगडीकडं बघत राहिली. एवढी वर्षं बसली होती हो ती तिथं. देव आहे म्हणायचं, दुसरं काय म्हणणार माझ्यासारख्यानं.

तुम्ही लिहा सावकाश, पण जरा इकडं सरकून बसा. उरलेली भिंत तुमच्या मागं अजून उभी आहे.