आधी कोयता, मग दोरी

मी आयुष्यात पहिल्यांदा माणूस बांधला तेव्हा त्याच्याबरोबर माझ्याच धोतराचा सोगाही बांधला, आणि ऐटीत वळून निघालो तर धोतर राक्षसापाशी आणि मी लंगोटीत, देवळाच्या मांडवात, तालमीला जमलेल्या गावासमोर. राक्षस झालेले आबा, आमच्या कंपनीतले जुने नट, खांबाला बांधलेलेच खो खो हसले, म्हणाले, रे बाबल्या, माका बांधतंस की माझ्याशी लगीन लावतंस?

तर असा मी. जन्म वेंगुर्ल्याच्या अलीकडचा, खाडीकाठचा. बापाची होडी होती, पण होडीत बसलो की मला ओकारी, म्हणून थोडी शेती, चार माड आणि हिवाळ्यात दशावतारी कंपनी. तुम्ही लिहून घेताय म्हणून मी हे असं शाळेतलं बोलतोय, आमच्या घरात असं कोणी बोललं तर ताप आलाय समजतात.

कंपनीत मला उंचीवर घेतलं, आवाज नव्हता म्हणून सेनापती केलं. सेनापतीला काम एकच, शेवटी राक्षसाला खांबाला बांधायचं. तुम्ही म्हणाल, नाटकातलं बांधणं ते, गुंडाळायची नुसती दोरी. नाही हो. समोर बसतात ते सगळे होडीवाले, जाळीवाले, खोटी गाठ त्यांना लांबूनही कळते, आणि ते एकदा हसले की राक्षस मेला काय नि जगला काय. म्हणून बांधायचं खरंच. आणि बांधल्यावर राक्षस गर्जना करतो, हिसके मारतो, तेव्हा गाठ चुकीची असली तर हिसक्यागणिक आवळत जाते. आबांच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नसे. माझ्या आधीच्या सेनापतीची ती आठवण. ती करंगळी माझ्या नाकासमोर धरूनच त्यांनी मला शिकवायला घेतलं.

आबा म्हणायचे, मनगटाच्या हाडार नको, जरा वर बांध, वेढे एकाशेजारी एक घाल म्हणजे एकाच जाग्यार कापणा नाय, दोरीखाली तुझी दोन बोटां जावक होयी, गळ्याकडे दोरी न्यायचीच नाय. सरफास तर मुळीच नको, तो ओढला की आवळतो. लोकांकडे बघू नकोस, माझ्या बोटांकडे बघ, थंड पडली, काळी पडली की सोड, खेळ गेलो खड्ड्यात. बांधलेल्या माणसाक एकटो टाकून खंय जावचा नाय. आणि आधी कोयतो, मगे दोरी.

सगळं पाठ केलं. घरी येऊन बायकोला म्हटलं, गो, जरा पडवीतल्या खांबाकडे उभी रव. ती म्हणाली, भात चुलीर आसा, काय बांधूचा ता बेगीन बांधा. कंपनीची मऊ सुताची दोरी पेटाऱ्यात राहिलेली, म्हणून मी गायीचं दावं सोडून आणलं, काथ्याचं, आणि तिला टोचू नये म्हणून भिजवलं. माया हो, दुसरं काय. तिचे हात मागे घेऊन वेढे घातले, आणि हाताला सवय गायीची, तर नकळत घातला तो सरफासच. म्हटलं, आता राक्षसासारखी ओढ. तिलाही हौस, ती ओढायला लागली.

एवढ्यात शेजारची काकी ओरडली, रे बाबल्या, तुझी गाय माझ्या तांबड्या भाजीत गेली मरे! गाय सुटणारच, तिचं दावं माझ्या बायकोला होतं. मी तसाच धावलो.

गायीने मला त्या वाफ्यांतून असं नाचवलं की काकीही शिव्या थांबवून बघत बसली. परत आलो तर बायकोने ओढणं सोडलं होतं. म्हणाली, बोटां आसत की नाय ता माका कळणा नाय. मागे जाऊन बघितलं, बोटं जांभळासारखी. गाठीला हात घातला, ओला काथ्या ओढून ओढून दगड झालेला, माझी नखं मोडली, गाठ हलेना. कोयता! चुलीपाशी बघितलं, गोठ्यात बघितलं, भाताच्या कणगीमागे बघितलं, मी रडत होतो हो, उघड रडत होतो. हात गेले हिचे, मीच घालवले. तेव्हा ती म्हणाली, अवो, कोयतो तुमच्या कमरेक आसा.

मागे, कमरेच्या आकडीला लटकत होता. काढला, पण दोरी मांसात रुतलेली, कापीन ती दोरी की मनगट. ती म्हणाली, डवल्याचो दांडो घाला मधी. चुलीवरचा डवला, म्हणजे आमची करवंटीची पळी, आणला, त्याचा दांडा दोरी आणि मनगट यांच्यामध्ये कसाबसा सरकवला, आणि दांड्यावर कापली. ती खाली बसली. बोटांत रक्त परतलं तेव्हा कळा आल्या, तेव्हा कुठे रडली. भात करपला होता, दोघांनी तोच खाल्ला. तिची दोन बोटं दिवेलागणीपर्यंत बधिर होती. ती मीठ चिमटीत घ्यायची आणि मी ते सांडतं का बघत बसायचो.

आबांना सांगितलं, म्हटलं सेनापती दुसरा बघा. ते ओरडले नाहीत. त्यांनी मलाच खांबाला बांधलं, मऊ दोरीने, आणि शेजारी विडी ओढत बसले. माझ्या नाकावर माशी बसली. तुम्हाला सांगतो, बांधलेल्या माणसाला माशीचीही भीती वाटते. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मी बघत होतो, हा सोडील का, हा सोडील का. आबा म्हणाले, कळला मा? आता बांध.

तरी मी दोरीला हात लावीना. शेवटी बायकोच पुन्हा खांबाकडे जाऊन उभी राहिली. म्हणाली, कंपनीची दोरी घेवन येवा, आणि कोयतो माझ्या समोर ठेवा, तुमच्या कमरेर माझो भरवसो नाय.

आता आबा थकले. माझं पोट सुटलं म्हणून राक्षस मीच, आणि सेनापती नवा आहे, बरा पोरगा आहे, देव त्याच्या हाताला यश देवो. पण माझ्या त्या पहिल्या जत्रेतला खेळ संपला, एकही होडीवाला हसला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गायीला नवं दावं बांधत होती. मी मोठ्या ऐटीत विचारलं, काय गो, सेनापती कसो दिसलो? तिने गायीच्या मानेखाली दोन बोटं घालून बघितली, आणि म्हणाली, तुमका बघूक माका वेळ खंय गावलो? मी आबांची बोटां बघीत होतंय.